नाकाचा पडदा

“मान मागे नको! पुढे वाकवा तिला, पुढे!”

बाबा जिना चढता चढता ओरडत होते आणि “अहो बाबा, हळू,” म्हणत मी त्यांच्या मागे पळत होते. दोन महिन्यांपूर्वी त्यांच्या हृदयात स्टेंट बसवला होता. दिवसातून एकदाच जिना चढायचा, असं डॉक्टरांनी बजावलं होतं आणि त्या दिवसाचा जिना सकाळीच खर्ची पडला होता.

वरच्या मजल्यावर शिवणकाम करणाऱ्या बाई राहायच्या. त्यांच्या सात वर्षांच्या मुलीला सगळी इमारत ठमी म्हणायची. ठमी कठड्यावरून घसरत खाली येत होती आणि शेवटच्या खांबावर तोंडानेच आदळली होती. बाईंनी तिला उताणी मांडीवर घेऊन नाकावर अस्तराचं कापड दाबलं होतं. कापड लाल झालं होतं आणि घशात उतरलेल्या रक्ताने पोरगी ठसकत होती.

बाबा धापा टाकत पायरीवर बसले. ठमीला खालच्या पायरीवर, आपल्या दोन गुडघ्यांमध्ये बसवून त्यांनी तिला पुढे वाकवलं आणि हाडाच्या खालचा मऊ भाग चिमटीत घट्ट धरला.

“तोंड उघड. आता तोंडाने श्वास. कुत्रा घेतो तसा. जीभ बाहेर काढलीस तरी कुणी रागावणार नाही.”

“रक्त तोंडात येतंय,” ठमी गेंगाण्या आवाजात म्हणाली.

“गिळायचं नाही. थुंक. माझ्या पायावर थुंक, तो धुता येतो.”

ती थुंकली. बाबांनी मान वळवून बाईंकडे बघितलं. “घड्याळ आहे ना घरात? आणा. हातात धरून उभ्या राहा आणि दहा मिनिटं झाली की मला सांगा. तोवर काही बोलायचं नाही.”

ही त्यांची जुनी पद्धत. घाबरलेल्या नातेवाइकाच्या हातात घड्याळ दिलं की तो रडायचा थांबतो आणि काट्याकडे बघत बसतो, असं ते म्हणायचे. बाई भिंतीवरचं मोठं घड्याळच काढून घेऊन आल्या आणि ते छातीशी धरून उभ्या राहिल्या.

“तुमच्या हाताला वास येतोय,” ठमी म्हणाली.

“खोटारडे! नाक दाबल्यावर वास कसा येईल?”

ठमी हसली आणि त्याबरोबर तिच्या ओठांवरून एक लाल धार खाली आली. चौथ्या मिनिटाला बाई न राहवून म्हणाल्या, “काका, थांबलंय का बघता जरा?”

“बघितलं तर पुन्हा पहिल्यापासून दहा. बघू?”

“नको, नको.”

बाबा चौतीस वर्षं एका मोठ्या हॉस्पिटलच्या नाक-कान-घसा विभागात ड्रेसर होते. जखमा धुणं, पट्ट्या बदलणं, नाकात घातलेली पट्टी काढणं, मुलं पेन्सिलीचे तुकडे नाहीतर वाटाणे नाकात सारून आली की त्यांना धरून ठेवणं, हे त्यांचं काम. शिकाऊ डॉक्टर तीन वर्षांनी बदलायचे. मामा तिथेच असायचे. सगळे त्यांना मामा म्हणायचे. नवा डॉक्टर चिमटा उलटा धरायला लागला की मामा काही न बोलता तो त्याच्या हातात सुलटा करून द्यायचे.

दहा मिनिटांनी बाबांनी बोटं सैल केली. रक्त थांबलं होतं. मग त्यांनी खिशातून छोटा टॉर्च काढला, डावा अंगठा ठमीच्या नाकाच्या शेंड्याखाली ठेवला आणि हळूच वर उचलला. ठमीने अशी किंकाळी फोडली की खालच्या मजल्यावरचं दार उघडलं.

मी तोंड फिरवलं. बाबांनी मात्र आधी एक नाकपुडी बघितली, मग दुसरी, मग पुन्हा पहिली.

“आज तर स्वच्छ दिसतंय. डॉक्टरांना दाखवून या, आणि उद्या सकाळी मी परत बघणार. नाक शिंकरायचं नाही. शिंक आली तर तोंड उघडून शिंकायचं.”

बाई तिला कोपऱ्यावरच्या दवाखान्यात घेऊन गेल्या. हाड मोडलेलं नाही, सूज उतरली की पाच दिवसांनी दाखवा, असं तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं. बाईंचा जीव भांड्यात पडला. बाबांचा नाही. संध्याकाळी ते तीनदा मला म्हणाले, “उद्या बघायला हवं.” मी “हो” म्हणाले. काय बघायचं ते मी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही. आमच्या घरात नाक या विषयावर सगळं बोललं जायचं. फक्त माझ्या नाकावर नाही.

मी नऊ वर्षांची असताना शाळेच्या पाण्याच्या टाकीपाशी घसरले आणि नळाच्या तोटीवर नाक आपटलं. शाळा हॉस्पिटलला लागूनच होती. वर्गाच्या बाईंनी मला उचललं आणि सरळ बाबांच्या विभागात नेलं. पांढऱ्या डगल्यातले बाबा मला तेव्हा परके वाटले होते. त्यांनी माझं नाक धरलं, बाईंच्या हातात घड्याळ दिलं, दहा मिनिटं मोजून घेतली. रक्त थांबलं. मग त्यांनी अंगठा माझ्या नाकाच्या शेंड्याखाली ठेवला आणि मी ओरडले, “बाबा, नको ना! दुखतंय!”

हजारो मुलांचं रडणं त्यांनी कानाआड केलं असेल. माझं ऐकलं. अंगठा काढून घेतला आणि म्हणाले, “बरं, राहू दे. उद्या बघू.”

दुसऱ्या दिवशी माझं नाक दोन्ही बाजूंनी बंद झालं. मार लागल्यावर नाक चोंदणारच, असं सगळे म्हणाले, बाबाही म्हणाले. तिसऱ्या दिवशी ताप चढला. चौथ्या दिवशी विभागाच्या मोठ्या डॉक्टरीणबाईंनी माझं नाक उचलून आत बघितलं आणि विचारलं, “पहिल्या दिवशी आत कुणी बघितलं होतं?”

“मी होतो,” बाबा म्हणाले. “बघितलं नाही.”

त्या काहीच बोलल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं, असं आई पुष्कळ वर्षांनी म्हणाली. पू काढला, औषधं दिली, मी बरी झाले. पण आतला पडदा विरघळला होता. वर्षभरात माझ्या नाकाचा मधला भाग रस्ता खचावा तसा खचला. शाळेत मी नकटी झाले. चष्मा लागला तेव्हा आई म्हणाली, “हिचा चष्मा कधी घसरायचा नाही. बसायला आयती जागा आहे.” मी हसले. बाबा ताटावरून उठून बाहेर गेले.

मी अठरा वर्षांची झाल्यावर बाबांनीच त्यांच्या विभागातल्या सर्जनशी बोलून ठेवलं. बरगडीच्या कूर्चेचा तुकडा काढून नाक उभं करायचं, असं ठरलं. तारीख मिळाली. आदल्या संध्याकाळी मी सांगितलं, “मला नाही करायचं.”

“नक्की?”

“नक्की.”

त्यांनी पुन्हा कधी विचारलं नाही. मात्र नाकाला मार लागलेलं मूल विभागात आलं की ते पत्ता लिहून घ्यायचे आणि दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत त्याच्या घरी जाऊन टॉर्च लावून बघून यायचे. “मामांची घरपोच सेवा,” असं विभागातले लोक हसून म्हणायचे. निवृत्त होईपर्यंत ती सेवा चालली. किती घरांत त्यांना चहा मिळाला आणि किती घरांत दार लावून घेतलं गेलं, ते मला माहीत नाही.

सकाळी सात वाजता बाबा दाढी करून तयार होते.

“बाबा, काल दोनदा जिना झालाय.”

“काल झालाय ना? मग आज आजचा.”

वर शिवणयंत्र सुरू झालं होतं. ठमी खाटेवर तोंड उघडं टाकून बसली होती. डोळ्यांखाली काळंनिळं झालं होतं.

“काय ठमाबाई, नाक काय म्हणतंय?”

“बंद.”

“कुठल्या बाजूने?”

“सगळीकडून.”

बाबांनी खिशातून टॉर्च काढला. दोन्ही हात मोकळे हवेत, म्हणून त्यांनी तो माझ्या हातात दिला. तेव्हा मी पहिल्यांदा आत बघितलं. दोन्ही बाजूंनी जांभळट लाल गादी फुगून आली होती आणि श्वासाची वाट बुजली होती. बाबांनी कानकाडीच्या टोकाचा कापूस तिला हलकेच टेकवला. पिकलेल्या फळासारखी ती आत दबली. ठमीने पाय झाडले, पण त्यांनी दुसरी बाजूही तशीच दाबून बघितली.

“पडद्यात रक्त साचलंय. हॉस्पिटलात चला, आत्ताच. आज रिकामं करायला हवं.”

“पण काका, काल डॉक्टर म्हणाले ना, काही नाही म्हणून.”

“काल नव्हतंच. आज आहे.” त्यांनी यंत्रावरचा अर्धा शिवलेला कोट उचलला. “हे बघा. दोन नाकपुड्यांच्या मध्ये पडदा असतो. तो हे मधलं कापड समजा, आणि त्याला दोन्ही बाजूंनी अस्तर. मधल्या कापडाला स्वतःचं रक्त नसतं, अस्तर देईल त्यावर ते जगतं. आता दोघांच्या मध्ये रक्त शिरलंय आणि अस्तर सुटलंय. मधलं कापड उपाशी आहे. दोन-तीन दिवसांत ते मरतं.”

बाईंनी कोट त्यांच्या हातातून काढून घेतला आणि घडी घातली. त्यांचा चेहरा उतरला होता, पण आवाज ठाम होता. “राग मानू नका काका. तुमचे उपकार आहेत, काल तुम्ही होतात म्हणून निभावलं. पण तुम्ही काही डॉक्टर नाही. आणि तुमची नजर… परवा जिन्यात मला तुम्ही ओळखलं नाहीत. पाच दिवसांनी बोलावलंय, तेव्हा नेईन. उगाच पोरीला कापाकापी कशाला?”

“मला सुई नको!” ठमीने भोकाड पसरलं.

“पाच दिवसांनी कापायलाही काही उरणार नाही,” बाबा म्हणाले.

बाई पुन्हा यंत्राशी जाऊन बसल्या. बाबा खाट आणि यंत्राच्या मधल्या जागेत उभे होते, हातात ती कानकाडी तशीच. मला ते बघवेना. मी त्यांचं कोपर धरलं. “बाबा, चला आता. त्या ठरवतील त्यांचं.”

त्यांनी कोपर सोडवून घेतलं. “चष्मा काढ,” ते मला म्हणाले.

मला कळलं. “राहू दे ना, बाबा.”

“काढ, बाळा.”

मी चष्मा काढला. त्यांनी रुग्णाची धरतात तशी माझी हनुवटी धरली आणि माझा चेहरा खिडकीच्या उजेडाकडे वळवला.

“ही माझी मुलगी. नऊ वर्षांची असताना हिला असंच लागलं होतं. मी त्याच खात्यात कामाला होतो, रोज मुलांची नाकं बघत होतो. ही रडली म्हणून हिचं तेवढं बघितलं नाही. दुसऱ्या दिवशी नाक बंद झालं, तेव्हाही बघितलं नाही. हिची चूक नव्हती, डॉक्टरांची नव्हती. माझी होती.” “तुमची आज रडेल. रडू द्या.”

लोक माझ्या नाकाकडे बघत नाहीत. सभ्य माणसं डोळ्यांत बघून बोलतात. बाईंनी मात्र माझ्या नाकाकडे बघितलं, कापडातला दोष बघावा तसं, जवळ येऊन, नीट. मग त्यांनी यंत्राचं बटण बंद केलं.

“ठमे, चप्पल घाल.”

हॉस्पिटलात बाबांना ओळखणारं फारसं कुणी उरलं नव्हतं. खिडकीवरच्या मुलाने त्यांना रांगेत उभं केलं आणि ते रांगेत उभे राहिले. शेवटी फरशी पुसणाऱ्या मावशींनी बादली खाली ठेवली.

“अगंबाई, मामा! तुम्ही गेलात असं ऐकलं होतं.”

“अर्धाच गेलो. उरलेला इथे रांगेत आहे.”

मावशींनी बादली तिथेच सोडली आणि आम्हाला थेट आत नेलं. तिथली डॉक्टर माझ्यापेक्षा लहान होती. तिने ठमीचं नाक उचललं, सळईच्या बोथट टोकाने आतली सूज दाबून बघितली आणि लगेच फोन उचलून ऑपरेशनची खोली रिकामी आहे का विचारलं. मग बाईंना म्हणाली, “बरं झालं आज आणलंत. पण हे ओळखलं कुणी?”

बाईंनी बाबांकडे बोट केलं.

“सर, तुम्ही कुठे असता?”

“इथेच होतो. ड्रेसर.”

डॉक्टर उठून उभी राहिली. तेवढंच. मग ठमीला आत नेलं. छोटीशी चीर देऊन रक्त काढायचं, दोन्ही बाजूंनी पट्टी घट्ट बसवायची, म्हणजे अस्तर पुन्हा पडद्याला धरतं. अर्ध्या तासाचं काम. बाई ऑपरेशनच्या खोलीच्या दाराला खेटून उभ्या राहिल्या. बाबा आणि मी लांबच्या बाकावर बसलो.

समोर जिन्याखाली चाकाच्या खुर्च्या लावून ठेवल्या होत्या. त्यांच्याकडे बघत मी म्हणाले, “बाबा, मी अठराव्या वर्षी ऑपरेशन का नाही करून घेतलं, माहीत आहे?”

“आहे.”

“का?”

ते आपल्या तळहातांकडे बघत होते. “मी विसरू नये म्हणून.”

मी त्यांच्याकडे वळले. मग मी जवळजवळ ओरडलेच, “अहो बाबा! मी घाबरले होते!”

“कशाला?”

“कापायला! बरगडीतला तुकडा काढणार म्हणाले होते ना? त्या संध्याकाळी मी आरशासमोर उभी राहून बरगड्या चाचपत होते, कुठली काढणार म्हणून. तंतरली माझी. बास, एवढंच.”

“एवढंच?”

“एवढंच.”

“मग बोलली का नाहीस?”

“तुम्हाला कसं सांगणार? तुम्ही दिवसभर तेच करायचात. तुमचीच मुलगी सुईला घाबरते म्हणून तुमच्या खात्यात हसं झालं असतं.”

“एवढंच,” ते पुन्हा म्हणाले, पण आता मला विचारत नव्हते. त्यांचे खांदे हलायला लागले. मला वाटलं, छातीत दुखतंय. पण ते हसत होते, अजिबात आवाज न करता. हसता हसता त्यांनी रुमाल काढला आणि पुष्कळ वेळ तोंडावर धरून ठेवला. बाई दारापाशी वळून बघायला लागल्या. मी त्यांना हातानेच ‘काही नाही’ अशी खूण केली.

थोड्या वेळाने रुमालाची घडी घालत त्यांनी विचारलं, “बघू का?”

सव्वीस वर्षांत त्यांनी माझ्या नाकाला हात लावला नव्हता. त्या सकाळीसुद्धा त्यांनी धरली होती ती हनुवटी. मी मान किंचित वर केली. त्यांनी अंगठा नाकाच्या शेंड्याखाली ठेवला आणि तो उचलला. जाणाऱ्या-येणाऱ्यांनी बघितलं. त्या जागेत ते काही विचित्र दिसत नसावं.

“उजवीकडून श्वास कमी येत असणार.”

“हो.”

“मग झोपतेस कशी?”

“डाव्या कुशीवर.”

“हं. म्हणजे उजवी वर राहते. बरोबर करतेस.” त्यांनी अंगठा काढून घेतला. “सर्दी झाली की जास्त त्रास?”

“होतो. पण चालतं, बाबा. खरंच चालतं.”

त्यांनी मान डोलावली. मग आम्ही दोघं गप्प बसलो. ते गप्प बसणं आमच्या घरातल्यासारखं नव्हतं.

ठमीचं नाक सरळ राहिलं. आठवडाभराने ती बाबांना ते दाखवायला स्वतःच खाली आली आणि आपणहून मान वर करून उभी राहिली. मी बघावं तेव्हा ते तिच्याकडून मराठी वाचनाची पुस्तकं वाचून घेत बसलेले असायचे, कारण तिचा ‘म’ आणि ‘न’ आता स्वच्छ ऐकू येतो म्हणे.

पाच महिन्यांनी, एका दुपारी, बाबा त्याच हॉस्पिटलात गेले. विभाग वेगळा होता, हृदयाचा. मी कागदांवर सह्या करून परत आले तेव्हा पडदा ओढून घेतलेला होता. एक पोक्त अटेंडंट बाई त्यांची तयारी करत होत्या. डोळे मिटवून झाले होते, हनुवटी बांधून झाली होती. त्यांनी कापसाचा कोरडा बोळा वळला आणि बाबांच्या नाकाकडे हात नेला.

“मी करू का?” मी विचारलं.

त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि कापूस माझ्या हातात दिला.

कोरडा कापूस नाकात आतल्या कातडीला चिकटतो आणि काढताना ओरबाडून पुन्हा रक्त आणतो. इतर घरांत जेवताना जशा शेजारपाजारच्या गोष्टी होतात, तशा आमच्याकडे या व्हायच्या. ट्रेच्या कोपऱ्यात व्हॅसलीनची डबी होती. मी बोळा सैल केला, पुन्हा बारीक वळला, व्हॅसलीनमध्ये सगळीकडून फिरवला आणि बाबांच्या नाकाचा शेंडा अंगठ्याने जरासा उचलून हळूच आत सरकवला.

अटेंडंट बाई म्हणाल्या, “आता ते कशाला, ताई? काढायचं थोडंच आहे?”

“नाही,” मी म्हणाले, आणि दुसरा बोळा वळायला घेतला.